प्रथिनं घ्या आणि पळत सुटा

धावायला लागलेल्या माणसाला पहिल्या महिन्यात बूट लागतात, दुसऱ्या महिन्यात घड्याळ लागतं आणि तिसऱ्या महिन्यात प्रथिनं लागतात. बुटांबद्दल दुकानदार सांगतो, घड्याळाबद्दल पुतण्या सांगतो, प्रथिनांबद्दल व्हॉट्सअ‍ॅपवरचा रनिंग ग्रुप सांगतो. पण प्रथिनं पिऊन पळत सुटल्यावर पुढे पोटात काय घडतं, ते कुणीच सांगत नाही. ज्याला ते ठाऊक असतं तो त्या वेळी रांगेत उभा असतो आणि बोलायच्या मनःस्थितीत नसतो.

ही उणीव भरून काढायला मी पुढे आलो आहे. माझं टायमिंग विचारू नका. माहीम ते सीएसएमटी या २१ किलोमीटरांत फिरती शौचालयं रस्त्याच्या कोणत्या बाजूला असतात आणि कोणत्या वळणानंतर दिसू लागतात, हे मला जीपीएसशिवाय सांगता येतं. शिकवायला एवढी पात्रता पुरे.

आपलं उद्दिष्ट मर्यादित आहे. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन असते. तुम्ही हाफला नाव नोंदवलंय. पहाटे पाचच्या सुमाराला शर्यत सुटते. ती सुटण्याआधी तुम्ही ‘सीरियस रनर’ दिसायला हवं. धावणं नंतरचं.

१. केळ्याला हसायला शिका.

जुने धावणारे पहाटे एक केळं खातात, फार तर चहाबरोबर दोन टोस्ट. त्यांच्याकडे बघून ओठाच्या कोपऱ्यातून हसायचं. आरशासमोर सराव करा. मग विचारा, “केळ्यात प्रोटीन किती?” उत्तर आहे, जेमतेम एक ग्रॅम. समोरचा गप्प बसतो. त्याच केळ्यात पंचवीसेक ग्रॅम कर्बोदकं असतात, पाय ओढायला शरीराला तीच लागतात, आणि धावताना खर्च होणाऱ्या ऊर्जेत प्रथिनांचा वाटा फार तर पाच-दहा टक्क्यांचा असतो, या गोष्टी तुम्ही आपणहून काढायच्या नाहीत.

कुणी केनियाचं नाव काढलं तर विषय बदला. तिथल्या अव्वल धावपटूंच्या ताटाची संशोधकांनी मोजदाद केली होती, २००४ मध्ये ती छापून आली. तीन चतुर्थांश ऊर्जा कर्बोदकांतून आणि प्रथिनांतून दहा टक्क्यांच्या आसपास. खाणं काय, तर उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि दूध-साखर घातलेला चहा. आपल्याकडे याला चहा-भाकरी म्हणतात आणि ती खाऊन लोक शेतावर जातात. इतकं साधं खाऊन ही माणसं जगात पहिली कशी येतात, हे कोडं तुम्ही सोडवायला जाऊ नका.

२. खुळखुळा विकत घ्या.

दुकानात त्याला शेकर म्हणतात. आत तारेचा गोळा असतो. तो हलवल्यावर जो आवाज होतो त्यावरून पहाटेच्या लोकलमध्ये एक सीरियस रनर दुसऱ्याला ओळखतो. डोंबिवली ते दादर हलवा, दादरला गाडी बदला, माहीमपर्यंत पुन्हा हलवा. शेजारचा झोपलेला असेल तर जोरात हलवा.

पावडरीचा डबा घरात कुठे ठेवता, यालाही महत्त्व आहे. आमच्या सासूबाईंनी तो नातवाच्या दुधाच्या पावडरीशेजारी ठेवला आणि म्हणाल्या, “जावईबापू, तुमचंही दात यायचंच वय दिसतंय.” अशा बोलण्याकडे दुर्लक्ष करा. शास्त्रीयदृष्ट्या त्या फार चुकलेल्या नव्हत्या, व्हे म्हणजे दुधाच्या निवळीतलं प्रथिन दोन्ही डब्यांत असतं, पण ते त्यांना सांगू नका.

३. मात्रा ठरवा.

इथे थोडं गणित आहे. लांब पल्ल्याच्या धावपटूला रोज वजनाच्या दर किलोमागे १.२ ते २ ग्रॅम प्रथिनं लागतात, असं क्रीडा-आहारतज्ज्ञ सांगतात. तुमचं वजन ७० किलो धरलं तर ८४ ते १४० ग्रॅम. हा आकडा अख्ख्या दिवसाचा आहे. नवशिक्याने तो पहाटे साडेतीनचा समजावा.

दोन स्कूप घ्या. स्कूप हा नावापुरता चमचा, खरं तर घमेल्याचा धाकटा भाऊ. दोनांत मिळून पन्नासेक ग्रॅम झाली. भांडंभर दुधातून आठ-दहा. उकडलेली दोन अंडी, बारा ग्रॅम. पीनट बटरचे दोन चमचे, आणखी आठ. ८० ग्रॅमपर्यंत आलो बघा, आणि अजून रस्त्यावर माणूस नाही. वरून ओट्स आणि जवस घाला, कारण ग्रुपवर कुणीतरी ‘फायबर इज लाइफ’ असं लिहिलेलं असतं.

या पाककृतीत वाया जाणारं काही नाही. पीनट बटरमधली चरबी जठराचं दार बंद धरून ठेवते. प्रथिनं बाकी सगळ्यांना आत अडवून ठेवतात. ओट्स आणि जवसाचे तंतू खाली मोठ्या आतड्यात कामाला लागतात. १९९२ मध्ये ट्रायथलीटांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शर्यतीत ज्यांना ओकाऱ्या आल्या किंवा येतील असं वाटलं, त्यांच्या खाण्यात चरबी आणि प्रथिनं जास्त होती. ज्यांच्या आतड्यात मुरडा आला, त्यांनी आधी तंतुमय पदार्थ खाल्ले होते. संशोधकांना हे शोधायला अर्ध-आयर्नमॅनच्या शर्यतीपर्यंत जावं लागलं. तुम्ही एका शेकरात तिन्ही जमवलंत.

४. पाणी नको, दूध घ्या.

पाण्यात कालवलेलं व्हे त्यातल्या त्यात लवकर पुढे सरकतं. त्यात मजा नाही. दुधातल्या प्रथिनांपैकी ८० टक्के केसिन असतं आणि जठरातल्या आम्लाशी गाठ पडली की ते फाटतं, गुठळ्या होतात, मग सावकाश, तासन् तास पचत बसतं. थोडक्यात, पहाटे पोटात विरजण लावायचं आणि भांडं २१ किलोमीटर हिंदकळत न्यायचं. आजी दह्याच्या सटाला हातसुद्धा लावू देत नसे.

शिवाय दुधात लॅक्टोज असतं. मोठेपणी ते नीट न पचवू शकणारी माणसं आपल्या देशात भरपूर आहेत, त्यातल्या पुष्कळांना याचा पत्ता नाही, कारण चहातल्या दोन चमचे दुधाने तो लागत नाही. भांडंभर दुधाने लागतो. न पचलेलं लॅक्टोज मोठ्या आतड्यात पोचतं, तिथले जिवाणू त्यावर तुटून पडतात आणि वायू तयार होतो. पावडर निवडतानाही हे ध्यानात ठेवा. आयसोलेटमध्ये लॅक्टोज नावापुरतं उरतं आणि किंमत डोळे पांढरे करते. कॉन्सन्ट्रेट स्वस्त, त्यात लॅक्टोजही उरतं. एका दगडात दोन पक्षी. तुमच्या मागे चिकटून धावणारे लोक आपोआप अंतर ठेवू लागतील.

५. वेळ साधा.

सगळं कौशल्य इथे आहे, म्हणून इथे जरा थांबू.

जड जेवण जठरातून पुढे जायला तीन-चार तास घेतं. शर्यत पाचला. सरळ हिशेब केला तर रात्री एकला उठून खायला हवं. रात्री एकला उठून अंडी उकडणाऱ्या माणसाचा संसार टिकत नाही. मग तज्ज्ञांचा मार्ग काय? अंडी घरी साडेतीनला खा, घाईत, उभ्याने. शेक मात्र होल्डिंग एरियात, चार चाळीसला, चार माणसं बघत असताना प्या. ग्लुकोज-बिस्किटाचा पुडा फोडणारा कुणी शेजारी असेल तर त्याच्याकडे तोंड करून प्या.

आता शरीर काय करतं पाहा. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या रक्ताचा पाचवा ते चौथा हिस्सा पचनसंस्थेकडे वाहत असतो. तुम्ही दमात धावायला लागलात की रक्त पायांकडे वळतं, घाम काढायला कातडीकडे वळतं आणि आतड्यांचा पुरवठा जोराच्या व्यायामात ८० टक्क्यांपर्यंत घटू शकतो. पंगत बसलेली आहे, पानं वाढलेली आहेत, आणि आचारी, वाढपी, पाणक्या सगळे वरातीत नाचायला निघून गेले आहेत. पानावरची मंडळी किती वेळ शांत बसतील? सायकलवाल्यांची वरात निदान गादीवर बसून निघते. धावणाऱ्याच्या पोटाला पावलागणिक दणका बसतो. पोटाच्या खालच्या भागातल्या तक्रारी धावणाऱ्यांत जास्त दिसतात, त्याचं एक कारण हेच दणके.

तुम्ही एकटे नाही, हा दिलासा घ्या. लांब पल्ल्याच्या खेळाडूंपैकी ३० ते ५० टक्क्यांना पोटाचा त्रास वारंवार होतो, असं संशोधनाचे आढावे सांगतात. शेक न पिताही होतो. म्हणजे निम्म्या लोकांना जे फुकट मिळतं, त्यासाठी तुम्ही पैसे मोजलेत.

६. शर्यतीच्या दिवशी नवीन काहीतरी खा.

आदल्या रात्री ग्रुपवर ‘नथिंग न्यू ऑन रेस डे’ हा संदेश कमीत कमी नऊ जण टाकतात. तुम्ही दहावे व्हा. मग सकाळी, बिब म्हणजे छातीवरचा नंबर घ्यायला गेलात त्या दिवशी फुकट मिळालेला प्रोटीन बार पिशवीतून काढा. त्यावर ‘शुगर फ्री’ लिहिलेलं असेल तर सोन्याहून पिवळं. साखरेच्या जागी बहुधा माल्टिटॉल किंवा सॉर्बिटॉल असतं. ही मंडळी आतड्यात अर्धवटच शोषली जातात, जाताना पाणी ओढून घेतात आणि मोकळ्या हाताने पुढे निघतात. वेष्टणाच्या मागे मुंगीच्या अक्षरात रेचक परिणामाची सूचना असू शकते. पहाटेच्या अंधारात ती वाचता येत नाही, हे बरंच आहे.

वर एक कडक काळी कॉफी. कॅफीनने टाच हलकी होते असं म्हणतात, आतडी नक्की होतात.

७. मार्गावरचे टप्पे ओळखा.

डॉक्टर ‘जीआय डिस्ट्रेस’ एवढंच म्हणून मोकळे होतात. तुमच्या मातृभाषेने मात्र या प्रसंगाची पूर्ण तयारी करून ठेवली आहे, तिचा उपयोग करा.

पहिल्या दोन किलोमीटरांत ढेकर येतो, ‘बेल्जियन चॉकलेट’ चवीचा, मागून उकडलेल्या अंड्याची साथ. घाबरू नका, अनेकांना आतून शक्ती आल्यासारखं वाटतं ते यामुळेच. मग सी लिंक. एरवी इथे चालायला मनाई, तेव्हा या दिवसाचा अभिमान वाटू द्या. दोन्ही बाजूंना काळा समुद्र, गार वारा, साडेपाच किलोमीटरचा पूल आणि कुठेही आडोसा नाही. इथे पोटात गुडगुड सुरू होते. मधेच बरगडीखाली चमक भरते, माणूस एका बाजूला कलून धावू लागतो आणि फोटोग्राफर नेमका तिथेच उभा असतो. वरळीपर्यंत ढवळायला लागतं. हाजीअलीला मळमळ. तिथून पेडर रोडचा चढ.

या चढावर रहिवासी पहाटेपासून उभे असतात, टाळ्या वाजवतात, संत्र्याच्या फोडी देतात, कुणी चिक्कीही पुढे करतं. मुंबईचं हे रूप बघून डोळे भरून येतात. तुमचे वेगळ्या कारणाने आलेले असतील. चिक्की नाकारू नका, शेंगदाण्यात प्रथिनं असतात.

उतारावर कळ येते. मरीन ड्राइव्हला मुरडा. आता तुमचा वेग आपोआप वाढेल आणि घड्याळ हातावर थरथरून अभिनंदन करेल. आजूबाजूला उजाडताना दिसलं तरी थांबू नका. एरवी पेसर जे करू शकत नाही ते एका शेकने करून दाखवलं. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांचा शेवटच्या पाच किलोमीटरांचा विक्रम याच पद्धतीने झाला आहे. ते गृहस्थ मीच, हे सूज्ञांच्या लक्षात आलं असेल.

फारच ओशाळं वाटलं तर पॉला रॅडक्लिफला आठवा. २००५ च्या लंडन मॅरेथॉनमध्ये ती पोटाच्या कळांनी हैराण होऊन रस्त्याच्या कडेलाच बसली, साऱ्या जगाच्या टीव्हीवर. मग उठली आणि २ तास १७ मिनिटं ४२ सेकंदांत शर्यत जिंकली. तुम्हालाही हे जमेल. पहिला अर्धा भाग तर नक्की.

८. प्रतिवाद करणाऱ्यांसाठी एक शोधनिबंध जवळ बाळगा.

हा खरा आहे आणि अर्धा वाचला तर तुमच्या बाजूचा आहे. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात धावपटूंना ३५ अंशांच्या उकाड्यात दोन तास पळवलं आणि दर वीस मिनिटांनी कधी नुसतं पाणी, कधी ग्लुकोज, कधी व्हेचं द्रावण दिलं. पाण्याच्या तुलनेत ग्लुकोज आणि व्हे दोन्हींनी आतड्याच्या अस्तराची इजा कमी केली. इथे वाचन थांबवा आणि ग्रुपवर टाका. पुढे लिहिलंय की व्हे पिणाऱ्यांना पोटाचा त्रास जास्त झाला. म्हणजे आतडं सुखरूप आणि माणूस बेजार. एवढं बारीक कोण वाचतं?

९. दोष वाटून द्या.

शर्यतीनंतर पाण्याला दोष द्या. दमट हवेला द्या. चौदाव्या किलोमीटरला घेतलेल्या जेलला, आदल्या रात्रीच्या पास्त्याला, बायकोने “थोडं तरी खा” म्हणून वाढलेल्या भाताला. भात बिचारा सर्वांत निरुपद्रवी, म्हणून त्याच्यावर सर्वांत आधी. शेकरला हात लावायचा नाही. कोच सर विचारतील, “अरे, लाँग रनला हे कधी पिऊन बघितलं होतंस का?” त्यांना सांगा, “सर, तेव्हा केळं खायचो.”

काही प्रगत विद्यार्थी पोट दुखू नये म्हणून सुटण्याआधीच आयबुप्रोफेन घेऊन ठेवतात. धावताना आतड्याच्या अस्तराची जी इजा होते ती या गोळीने आणखी वाढते, असं अभ्यासांत आढळलं आहे. तुम्ही अजून नवशिके आहात. हे खरोखरच करू नका.

सावध राहा, या चुका टाळा.

वरच्या पायऱ्यांवर पाणी फिरवणाऱ्या काही सवयी आजूबाजूला दिसतील. काही लोक शर्यतीच्या दोन-तीन तास आधी पोहे, उपमा किंवा जॅम लावलेला पाव खातात, तूप-शेंगदाणे कमी घालून. प्रथिनं घेतलीच तर एखाद्या अंड्यापुरती. मग तासभर आधी एक केळं. काही लोक प्रथिनं दिवसभरात डाळ, उसळ, दही, अंडी, मासळी यांतून वाटून घेतात आणि शर्यतीच्या पहाटे त्यांची आठवणही काढत नाहीत. काहींना दूध सोसत नाही हे आधीच कळलेलं असतं, कारण त्यांनी डिसेंबरच्या रविवारी शिवाजी पार्कात ते पिऊन बघितलेलं असतं. अशा माणसांना शर्यतीत काहीच घडत नाही. ती नुसती धावतात, पोचतात, मेडल गळ्यात घालतात आणि चर्चगेटला इडली खातात. सांगण्याजोगं आयुष्यात काही हवं की नको?

१०. पोचल्यावर.

सीएसएमटीच्या दिशेने शेवटची कमान ओलांडलीत की स्नायूंना खरोखर प्रथिनं हवी असतात. वीस-पंचवीस ग्रॅम पुरतात, आता तासा-दोन तासांत घेतली तरी चालतात, रक्त पोटाकडे परत फिरलेलं असतं आणि आचारी कामावर हजर झालेला असतो. शेकर उघडा. तो रिकामा असेल. पहाटे चार चाळीसला तुम्हीच संपवलाय.

शेजारी तो ग्लुकोज-बिस्किटवाला असेल. पिशवीतून केळं काढून तो अर्धं तुम्हाला देईल. घ्या, आणि यावेळी हसू नका.

पुढच्या जानेवारीची नोंदणी उघडली की तुम्ही नाव द्याल, हे मला माहीत आहे. तेव्हा एक सूचना आताच लिहून ठेवा. खिशातला टिश्यू पेपर प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत गुंडाळून न्या. घामाने भिजलेला काहीच कामाचा राहत नाही.